जंत निघाले

आमच्या कोंबड्यांची हकिकत सध्या दोघे जण सांगतात आणि दोघेही चुकीची सांगतात. पहिला माझा धाकटा भाऊ अशोक. घरातले कोणतेही लग्न असो, पंगत उठली की तो पाहुण्यांना एका बाजूला घेतो आणि थोरल्या भावाने तोंड उघडून आईच्या कोंबड्या कशा घालवायला काढल्या होत्या ते रंगवून सांगतो. त्या वेळी तो नऊ वर्षांचा होता आणि त्याला जे आठवते त्यातले निम्मे त्याने माझ्याकडूनच ऐकलेले आहे, हे तो पाहुण्यांना सांगत नाही. दुसरा महेश, आमच्या गावच्या पाटलांचा नातू. कार्ल्याच्या रस्त्याला त्याचे रिसॉर्ट आहे. तिथे मुंबईची मंडळी गावठी कोंबडीचा रस्सा खातात आणि चुलीपुढे उभे राहून फोटो काढून घेतात. गेल्या पावसाळ्यात त्याने गावाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले की त्याच्या आजोबांनी त्या जुन्या काळात सर्व समाजांच्या कोंबड्यांना एकाच औषधाखाली आणले आणि गावात समतेचा पाया घातला. त्यावर अंगठ्यांची रांग लागली. त्यातला एक अंगठा अशोकचा होता. म्हणून हे प्रकरण लिहिणे मला भाग पडले. कोंबड्या आमच्या होत्या, औषध मी आणले होते आणि त्या प्रसंगी जाणत्या वयाचे जे जे हजर होते त्यांच्यापैकी आज हयात असलेला मी एकटा आहे.

आमचे घर गावाच्या खालच्या अंगाला, जिथे भाताची खाचरे सुरू होतात आणि पलीकडे लोहमार्ग दिसतो तिथे होते. वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते. पावसाळ्यात घाटात दरड उतरली की त्यांचा मुक्काम चार-चार दिवस तिकडेच पडे. उरलेले आम्ही म्हणजे आई, मी, अशोक आणि अठरा कोंबड्या. ओसरीच्या कोपऱ्यात बांबूचे मोठे डालगे असे. संध्याकाळी आई दारात उभी राहून ‘तीऽ तीऽ तीऽ’ अशी हाक घाली आणि कोंबड्या कुठून कुठून येऊन त्या डालग्याखाली शिरत. मग कौलांवर पाऊस, घाट चढणाऱ्या गाडीला मागून लावलेल्या इंजिनाची धाप आणि डालग्यातली झोपाळू कुरकुर, असे तीन आवाज घरात भरून राहत. जेवणात नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. श्रावणात खाचरांच्या बांधाला खेकडे सापडत तेव्हा त्यांचे कालवण. अंडी मात्र आमच्या ताटात येत नसत. ती दर शनिवारी भुशाच्या डब्यातून लोणावळ्याच्या एका बंगल्यावरच्या खानसाम्याकडे जात. अंडे घरात फुटले तरच घरात शिजे. अशोकच्या हातून अंडी फार फुटत. याचाही उल्लेख तो पंगतीत करीत नाही.

कोंबड्या आईच्या होत्या हे नीट समजून घेतले पाहिजे. घर वडिलांचे, जमीन होती तेवढी चुलत्यांची, पोरे शाळेची, आणि उरलेले सगळे गावाचे. कोणती कोंबडी खुडूक बसवायची, कोणती ठेवायची आणि कोणती द्यायची, या बाबतीत मात्र तिला कोणालाही विचारावे लागत नसे. वडीलसुद्धा एखाद्या कोंबडीकडे बोट दाखवून ‘हिचं काय’ एवढेच म्हणत आणि उत्तराची वाट बघत. माझ्या आईला आयुष्यात कोणी उत्तराची वाट बघत विचारलेला असा तो एकच प्रश्न होता.

त्या श्रावणात कोंबड्या वाळू लागल्या. खात खूप, पण छातीचे हाड सुरीसारखे हाताला लागे; तुरे फिके पडले, पंख लोंबू लागले, अंडी निम्म्यावर आली. आमच्याच नव्हे, गावातल्या सगळ्याच कोंबड्यांची ही गत होती, कारण गावाचा उकिरडा एकच होता. पाटलांच्या गोठ्यापासून उतरत तो आमच्या वस्तीपर्यंत येई आणि त्यावर वरच्या व खालच्या आळीच्या कोंबड्या एकत्र उकरीत. गावात माणसांना जे जमले नव्हते ते त्यांना जन्मापासून जमत होते. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा बरीच वर्षे लोटली होती. ही गोष्ट गावाला रीतसर कळवण्यात आली होती, परंतु गावाने तिची पोच दिली नव्हती. म्हणून पाटलांची पिल्ले पटापट मरू लागली तेव्हा जंत कोणत्या आळीकडून कोणत्या आळीकडे गेले असतील याचा निर्णय व्हायला वेळ लागला नाही. उतारावरून पाणी खाली येते आणि जंत मात्र वर चढतात, हा शोध आमच्या गावाचा.

चावडीत बैठक झाली आणि ग्रामसेवकाने वहीत ठराव लिहिला. त्याची भाषा मला आजही पाठ आहे. ‘ज्यांच्या कोंबड्यांत जंत निघतील त्यांनी आपल्या कोंबड्या गावाच्या हद्दीबाहेर काढाव्यात. तशा कोंबड्या उकिरड्यावर दिसल्यास कोणीही माराव्यात.’ वस्तीचे नाव त्यात नव्हते, एवढी सभ्यता पाळली होती. तपासणी पुढच्या सोमवारी, आणि ती खालच्या अंगापासून सुरू करायची, असे फक्त तोंडी ठरले. मी घरी येऊन आईला सांगितले. ती पाट्यावर मिरची वाटत होती. तिने वरवंटा थांबवला नाही. ‘कोंबड्या गेल्या तर मी ऱ्हानार न्हाई हितं,’ ती म्हणाली. कुठे जाणार ते तिने सांगितले नाही, कारण तसे ठिकाण नव्हते.

आता औषधाचा प्रश्न. मी नुकताच तालुक्याला कुक्कुटपालनाचे चार दिवसांचे शिक्षण घेऊन आलो होतो आणि त्याचे प्रमाणपत्र काचेत बसवून भिंतीला लावले होते. चार दिवसांपैकी एक दिवस पाऊस म्हणून सुटी होती असे अशोक सांगतो. तो अर्धा दिवस होता. गावात तीन मते होती. शेजारच्या गंगूमावशीचे मत पळसाच्या बियांचे: बिया कुटून ताकात कालवायच्या आणि चोचीत ओतायच्या. पाटील, ज्यांना सगळा गाव आबा म्हणे, त्यांचे मत तंबाखूचे. ‘आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखू चाललीया. कुनाला जंत झाल्यालं आयकलंय का?’ हा त्यांचा पुरावा होता. त्यांनी तंबाखूची भुकटी कणकेत मळून आपल्या कोंबड्यांना चारायचा हुकूम दिला. हुकूम चांगला होता. परंतु भुकटी चुरण्याचे काम आबांनी स्वतःकडे घेतले होते, आणि तळहातावर तंबाखू असताना आबांचा हात आधी कुठे जाई हे गावाला माहीत होते. तिसरे मत माझे: सरकारी दवाखान्यातली पांढरी भुकटी. दवाखान्यात कंपाउंडर बसत. त्यांना गाव डॉक्टर म्हणे आणि ते नाही म्हणत नसत.

‘सोपं आहे,’ त्यांनी मला पुडी देताना सांगितले. ‘रात्री पाणी बंद करायचं. सकाळी ताटात पाण्यात मिसळून ठेवायचं. तहानलेली कोंबडी आधी पाण्याकडे जाते. आणि हे बघ, दिल्यावर आठ दिवस अंडं नाही, मटण नाही. गाडून टाक, पण खाऊ नको.’

मी निम्मी पुडी आणि तहानेचे शास्त्र वापरून शुक्रवारी सकाळी ताट मांडले. डालगे उचलले. अठरा तहानलेल्या कोंबड्या बाहेर पडल्या, ताटाला वळसा घालून अंगणात गेल्या आणि पागोळीखाली, बैलाच्या खुराच्या खळग्यात, पाट्याच्या खाचेत, जिथे जिथे श्रावणाने पाणी साठवून ठेवले होते तिथे तिथे माना वर करकरून पोटभर प्यायल्या. दुपारी मी ताट बघितले तर त्यातले पाणी सकाळपेक्षा वाढले होते. ज्याने तो उपाय शोधला त्याचे शास्त्र चुकीचे नव्हते. त्याने मावळ पाहिलेला नव्हता. आजही औषधाच्या बाटल्यांवर पाण्यातून द्या असेच छापलेले असते आणि माझा पुतण्या ते वाचून श्रावणात ताट मांडतो. मी काही बोलत नाही. त्यालाही प्रमाणपत्र आहे.

आई ओसरीवर बसून सगळे बघत होती. ‘पान्यातनं कशापायी?’ तिने विचारले. ‘पिठात मळ की.’ मी सांगितले की पुस्तकात पाण्यातून आहे. ‘पुस्तकाला पाऊस लागतुय का?’ ती म्हणाली आणि नाचणीचे पीठ परातीत घेतले. गोळ्यांची कल्पना आईची होती, हे मी इथे लेखी मान्य करतो, कारण अशोक जन्मभर माझ्याकडून तेवढेच मागत आला आहे. परंतु उरलेल्या भुकटीतली थोडी बाजूला ठेवून बाकीचे कोंबडीगणिक वाटे मी केले, आणि त्या वाट्यांत चूक झाली असती तर अठरा कोंबड्या सोमवार न बघताच गेल्या असत्या. आईने हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या. शनिवारी सकाळी मी चोची उघडल्या आणि तिने एकेक गोळी आत सारली.

रविवारी डालगे उचलले आणि माझी छाती फुगली. खाली विष्ठेत शेवयांसारखे पांढरे जंत वळवळत होते. काही तर माझ्या बोटाएवढे लांब होते. अशोक ओरडत मावशीकडे पळाला. मी ते काडीने वेचून पळसाच्या पानावर मांडले, कारण शास्त्रात पुरावा लागतो. आई राख आणि केरसुणी घेऊन उभी होती.

‘फेक ते,’ ती म्हणाली. ‘कुनाला दावायचंय?’

‘आबांना.’

‘त्यांना घान दावून काय मिळनार हाय तुला?’

मी तिला समजावले की ही घाण नाही, हा गुण आल्याचा दाखला आहे. तिने राख टाकून जागा झाडून घेतली. पान मात्र मी शिंक्यावर झाकून ठेवले.

सोमवारी सकाळी पाच पंच, ग्रामसेवक आणि त्यांच्यामागे निम्मा गाव आमच्या अंगणात उतरला. इतकी माणसे आमच्या अंगणात त्याआधी कधी आली नव्हती. आली ती कोंबडीची विष्ठा बघायला. आबा छत्री धरून चिखलात उभे होते. घोंगडे अंथरले असते तर बसावे लागले असते, म्हणून आईने ते आणले नाही. पंच वाकून वाकून जमीन बघू लागले. जमीन झाडलेली होती. काठीने इथे तिथे उकरून त्यांनी एकमेकांकडे बघितले. त्या क्षणी मी गप्प राहिलो असतो तर सगळे वर निघून गेले असते. अशोकचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. परंतु मी एकोणीस वर्षांचा होतो, गावात कोंबड्यांचे प्रमाणपत्र असलेला मी एकटा होतो, आणि माझे गौतम हे नाव गावाच्या जिभेला जड जात असल्यामुळे सगळे मला गवत्या म्हणत. मी शिंक्यावरचे पान काढले आणि आबांच्या छत्रीखाली धरले.

‘आबा,’ मी म्हणालो, ‘आमच्या कोंबड्यांचे जंत निघाले.’

आबा पान बघून एक पाऊल मागे सरले आणि ग्रामसेवकाकडे वळले. ‘ल्ह्या,’ ते म्हणाले. ‘सोताच्या तोंडानं सांगतोय. निघालं म्हनून.’

‘निघाले म्हणजे गेले, आबा. औषधानं बाहेर पडले.’

‘निघालं म्हंजी व्हतं, गवत्या. चोराच्या घरात भांडी निघाली म्हंजी काय भांडी घर सोडून गेली का?’

माणसे हसली. मी ग्रामसेवकाकडे बघितले. तो शिकलेला होता. त्याने वही उघडली, ठरावावर बोट ठेवले आणि अत्यंत खेदाने सांगितले की ठरावातला शब्द ‘निघतील’ असाच आहे. ते निघून कुठे गेले याविषयी ठराव मौन पाळतो. ‘आनि आबांच्या?’ गंगूमावशीने मागून विचारले. ‘आबांच्या कोंबड्यांना तंबाखू दिली, त्याला चार दिस झालं. निघालं का काय?’

‘एक बी न्हाई,’ आबा अभिमानाने म्हणाले. ‘सोळा कोंबड्या, एक जंत न्हाई निघाला.’

ज्या औषधाने काम केले नाही त्याने कोंबड्या निर्दोष ठरवल्या आणि ज्याने केले त्याने दोषी, हे तिथे मला दिसत होते, पण त्यासाठी लागणारे वाक्य मला सापडत नव्हते. मराठीत मला शाळेत नेहमी चांगले गुण मिळाले होते. ग्रामसेवकाने टाक काढला. अशोक सांगतो की या वेळी मी आईच्या मागे जाऊन उभा राहिलो. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिनेच एक पाऊल पुढे टाकले, त्यामुळे मी मागे दिसलो असेन.

‘आबा,’ आई म्हणाली. पंचांसमोर तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो मोठा नव्हता. ‘जे निघालं ते भायेर पडलं. जे न्हाई निघालं ते आत ऱ्हायलं. माझी एक कापा. तुमची एक कापा. पोटात कुनाच्या काय हाय ते गावानं बगावं.’

महेशने लिहिले आहे की हा प्रस्ताव आबांनी न्यायबुद्धीने मांडला. आबांचे खरे उद्गार असे होते: ‘श्रावन हाय, सखू. श्रावनात आमच्यात कोंबडी कापत न्हाईत.’

‘खायाला न्हाई कापायची,’ आई म्हणाली. ‘बगायला कापायची.’

पंच यावरचे उत्तर धर्मशास्त्रात शोधू लागले. मागच्या माणसांना आता घरी जायचे नव्हते. कोणीतरी वरच्या आळीत जाऊन आबांची एक करडी तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, घेऊन आले. आईने डालग्यात हात घातला. तिने मरतुकडी कोंबडी काढली नाही. तशी काढली असती तर पुन्हा बोलायला जागा राहिली असती. तिने आपली सगळ्यात चांगली, पावसातही अंडे न चुकवणारी तांबडी काढली आणि माझ्या हातात दिली. आम्ही दोन्ही कोंबड्या त्याच पाट्यावर उघडल्या. तांबडीचे आतडे मी पाण्यात धुऊन उभे चिरून पसरले. ते स्वच्छ होते. आबांच्या तलंगीच्या आतड्याला सुरी लागताच ते फुटले आणि आतून जंतांचा गुंडा बाहेर आला, दोरीसारखा पिळलेला, एकमेकांत अडकलेला. पुढे वाकलेले पंच सरळ झाले.

आबांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. ग्रामसेवकाने अत्यंत नम्रपणे विचारले की आता काय लिहू. ठरावाच्या भाषेप्रमाणे पाटलांच्या सोळापैकी उरलेल्या पंधरा कोंबड्या गावाच्या हद्दीबाहेर जायला हव्या होत्या. ‘काय बी ल्ह्यू नका,’ आबा म्हणाले आणि वर चालू लागले. जाता जाता त्यांनी मागे न बघता सांगितले, ‘ती तलंग ऱ्हाऊ द्या हितंच. आमाला चालत न्हाई.’ अशा रीतीने समतेचा पाया घातला गेला.

त्या संध्याकाळी पाटलांची तलंग आमच्या चुलीवर शिजली. जंत आतड्यात असतात, मांसाला त्यांची बाधा नसते. आतडी मी लांब नेऊन गाडली होती. रश्श्याला तंबाखूचा मागमूस नव्हता, त्यावरून ती भुकटी कोणाच्या दाढेत गेली हे आम्हाला कळले. अशोकने तीन वेळा वाढून घेतले. आपली तांबडी मात्र आम्हाला खाता येत नव्हती, औषधाला आठ दिवस व्हायचे होते. आईने ती फडक्यात गुंडाळली आणि खाचराच्या बांधाला खड्डा काढून पुरली. ती परत आल्यावर जेवायला बसली नाही. पोट भरले आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस लागलेला असताना पाटलीणबाई आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर इरले, आणि मागे गडी, त्याच्या डोक्यावर उरलेल्या कोंबड्यांचे डालगे. त्या घरच्या बाईला मी आमच्या अंगणात तोवर पाहिले नव्हते. आईने त्यांना या म्हटले नाही, जा म्हटले नाही.

‘सखू,’ त्या म्हणाल्या, ‘तुजं ते औषध हाय का शिल्लक?’

‘पुडी गौतमकडं हाय. गोळ्या मलाच वळाव्या लागत्यात.’

‘पीठ मी आनलंय.’

‘पीठ माझ्याकडं बी हाय,’ आई म्हणाली.

आमच्या घरचे पाणी पाटलीणबाईंच्या घरात चालत नव्हते, आमच्या घरचे पीठ चालण्याचा प्रश्नच नव्हता. आणि ज्या कोंबड्या ते पीठ खाणार त्यांची अंडी, आठ दिवस गेले की, आबांच्या न्याहारीला जाणार होती. हे सगळे त्यांनी माझ्यासमोर मनात मांडून बघितले असावे. मग त्या पुढे आल्या आणि आमच्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. ‘कर तुझ्याच पिठाच्या,’ त्या म्हणाल्या. ‘मरत्यात त्या तिकडं.’

मी वाटे केले आणि आईने गोळ्या वळल्या. गडी कोंबडी देई, पाटलीणबाई चोच उघडी धरीत आणि आई गोळी आत सारी. चोच लहान असते; चार बोटे तिथे एकमेकांना लागल्याशिवाय राहत नाहीत. पंधरा कोंबड्या होईपर्यंत दोघी एकमेकींशी फक्त ‘धरा’ आणि ‘सोडा’ एवढेच बोलल्या. शेवटच्या कोंबडीच्या वेळी पाटलीणबाईंनी तिच्या अंगावरून हात फिरवला आणि आईला विचारले, ‘हिचं काय? ठेवू का देऊ?’ आणि त्या उत्तराची वाट बघत थांबल्या.

आईने कोंबडी हातात घेतली, छातीचे हाड चाचपले, तुरा बघितला. तिने मुळीच घाई केली नाही. ‘ठेवा,’ ती म्हणाली. ‘अंग धरंल ती.’

अशोक सांगतो की पाटलीणबाईंनी घरी पोहोचल्यावर दारातच कोंबड्यांवर आणि स्वतःवर पाणी शिंपडले. त्याने ते बांधावरून पाहिले. मी पाहिले नाही. पण त्या सकाळी असा पाऊस होता की पाणी कोणी शिंपडले आणि आभाळातून कोणते पडले, हे नऊ वर्षांच्या पोराला बांधावरून सांगता येणे शक्य नव्हते.